दुरडीच्या तळाची भाकरी

सुगी आली की आमच्या घरात माझ्यावरून एक लहानसा वाद ठरलेला असतो. मोडनिंबहून पुतण्या नव्या ज्वारीचं पोतं पाठवतो. मालदांडी, टपोरी, ओंजळीत घेतली तर बोटांतून ओघळणारी. सूनबाई हौसेनं दळून आणते, पहिली भाकरी तव्यावरून उतरते, घरभर तो वास सुटतो आणि मी उठून गॅलरीत जाऊन बसतो. "बाबांना नव्या ज्वारीचा वास सोसत नाही," असं ती आता पाहुण्यांनाही सांगते, मला एखादा आजार असल्यागत. सोसत नाही हे खरंच आहे. भाकरी मी खातो, दोन्ही वेळा खातो. सोलापूरच्या माणसानं भाकरी सोडली तर त्यानं करायचं काय? पण तो पहिल्या दिवसाचा वास नको वाटतो. लोक म्हणतात सुगीत माणूस सुखावतो. सुखावत असेल. मी नाही सुखावत.

यंदा त्यात आप्पाच्या फोनची भर पडली. आप्पा म्हणजे माढ्याकडच्या बागाईतदार पाटलाचा मुलगा, कॉलेजात असताना आमच्या बोर्डिंगातला. आता सत्तरी ओलांडलीय, दोन्ही गुडघे बदललेत, आवाज मात्र तोच. फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो. "वश्या, आपलं मंडळ परत उभं करायचं. जुनी पोरं गोळा केलीत मी. बोर्डिंग अजून चालू हाय, पण पोरं आपापल्या खोलीत मोबाईल बघत जेवत्यात. हे काय खरं न्हाई. मूळ तत्त्वांवर परत सगळं सुरू करू. एक दुरडी, एक पंगत." मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? आप्पाच्या तोंडून मूळ तत्त्वं ऐकताना मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

आमचं बोर्डिंग सोलापुरात, गिरण्यांच्या बाजूला होतं. बैठी इमारत, समोर शहाबादी फरशीची लांब पडवी, अंगणात कडुनिंब आणि पलीकडच्या गल्लीतून दिवसभर मागांची खटखट. गल्लीत विणकरांची घरं. त्या घरांतल्या बायका दारात बसून कांड्या भरायच्या, आमच्याकडे बघून तेलुगूत काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. काय बोलायच्या ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. गिरणीचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. खोली मिळायची, जेवण मात्र आपलं आपण आणायचं. म्हणजे आईनं पहाटे भाकरी थापायच्या, भाकरी फडक्यात आणि कालवण डब्यात बांधून गावातून सुटणाऱ्या पहिल्या एसटीत ठेवायचं आणि आम्ही स्टँडवर जाऊन ते उतरवून घ्यायचं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा आणि घडी घातलेलं फडकं परत. कंडक्टर मंडळी डबे नावानं ओळखायची, आम्हाला ओळखायची नाहीत. आमच्यातला कुणी वाटेत दिसला तर "ए, मोडनिंबचा पितळी डबा" अशी हाक यायची.

हे बोर्डिंग आणि त्यातलं विद्यार्थी मंडळ ज्यांनी सुरू केलं ते गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन जवळच राहायचे. त्यांनी अगदी पहिल्या पोरांना एक रीत घालून दिली होती. सगळ्यांनी आपापल्या भाकरी एका मोठ्या दुरडीत टाकायच्या. दुरडीवर पांढरा पंचा. पंगत बसली की दुरडी हातोहात फिरणार, प्रत्येकानं पंच्याखाली हात घालायचा आणि येईल ती भाकरी घ्यायची. ही कुणाची, असं कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. मंडळ म्हणजे एवढंच. एकमेकांच्या आईच्या हातचं खाल्लेली पोरं पुढं एकमेकांचं वाईट करणार नाहीत, असं गुरुजींचं साधं गणित होतं.

आम्ही दाखल झालो तोवर ती दुरडी माळ्यावर गेली होती आणि तिच्यात कुणाच्या तरी जुन्या चपला होत्या. खोल्या गावागावांच्या झाल्या होत्या, आणि नीट बघितलं तर जातीजातींच्या. जेवायची वेळ झाली की दारं लागायची. पडवी मोकळी पडलेली असायची आणि बंद दारांमागून भाकरी मोडल्याचे, कांदा फोडल्याचे आवाज यायचे. मला स्वतःला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. घरी तरी दुसरं काय बघितलं होतं?

माझ्या खोलीत सिद्राम आला. मंद्रूपच्या पलीकडच्या एका खेड्यातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. वडील लहानपणीच गेलेले, आई दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जायची. अंगानं किरकोळ, पण जीभ अशी की मोठमोठे गप्प बसायचे. कुणी आडनाव विचारलं की तो विचारायचा, "कशाला, सोयरीक आनलीय का?" सकाळी विहिरीवर अंघोळ करताना मोठमोठ्यानं इंग्रजीचे धडे पाठ म्हणायचा, चुकला तरी आवाज कमी करायचा नाही. गुरुजींकडे त्याचं जाणं-येणं होतं आणि दुरडीची गोष्ट त्याला तिथंच कळली. त्या दिवशी तो खोलीवर आला, स्टूल घेतलं, माळ्यावर चढला, चपला खाली फेकल्या आणि दुरडी घेऊन थेट विहिरीवर गेला.

"आरं, काय चाललंय?" मी विचारलं.

"मंडळ धुतोय," तो म्हणाला.

धुवून मंडळ उभं राहत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण तो हट्टी होता. रोज दुपारी तो ती दुरडी पडवीत मधोमध ठेवायचा, आपल्या आईच्या भाकरी तिच्यात टाकायचा, वर पंचा घालायचा आणि वाट बघत बसायचा. खोलीतला म्हणून मी माझ्या भाकरी टाकल्या. तत्त्वबित्त्व काही नव्हतं, त्याच्यासमोर दार लावून कसं जेवायचं हा प्रश्न होता. आम्ही दोघं पंच्याखाली हात घालून एकमेकांच्या भाकरी काढायचो आणि आतून बंद दारांमागची पोरं हसायची. "सत्यनारायन बसलाय," आप्पा ओरडायचा. सिद्राम उलट म्हणायचा, "तीर्थ घ्यायला ये की मग."

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा. त्याचं वर्णन करायला मी बसलेलो नाही, ज्यांनी बघितला त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही बघितला त्यांना सांगून कळत नाही. विहीर आटली, अंघोळ आणि इंग्रजीचे धडे दोन्ही बंद झाले. गावांकडून डबे हलके यायला लागले, काही यायचेच बंद झाले. कणग्या तळाला गेल्या, आप्पाच्या घरचीसुद्धा. ऊस वाळून चुलीत गेला. रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा, लाल ज्वारी म्हणायचे तिला. तिच्या पिठाला चिकी नसते. भाकरी थापताना कडा फुटतात, भाजल्यावर लालसर काळी दिसते आणि फडक्यात बांधून एसटीनं आली की निम्मे तुकडेच हातात येतात.

एक दिवस माढ्याची गाडी आली नाही. आप्पा सकाळपासून उपाशी. दुपारी तो खोलीबाहेर आला, पडवीत जरा उभा राहिला आणि दुरडीपाशी बसला. सिद्रामनं दुरडी त्याच्याकडे सरकवली. आप्पानं पंच्याखाली हात घातला, लाल भाकरी काढली, खाल्ली, आणखी एक काढली. सिद्राम, एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारा, त्या दिवशी चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आप्पानं आपल्या भाकरी आणून दुरडीत ओतल्या. त्याच्या मागून त्याची खोली आली, मग पलीकडची, आणि बघता बघता पडवी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरली.

त्या लाल भाकरीच्या दिवसांइतकं सुख मला नंतर कुठल्या पंगतीत मिळालं नाही. सगळ्या भाकऱ्या सारख्याच काळपट, सारख्याच फुटक्या. पंचा काढून टाकला असता तरी कुणाची कुठली ते कळलं नसतं. ज्याचा डबा आला नाही त्यानं न आल्याचं सांगायचीही गरज नव्हती, तो सरळ पंगतीत बसायचा. भाकरी संपल्या तर शेंगाच्या चटणीवर पाणी प्यायचं आणि चेष्टा करायची. गुरुजी एकदा काठी टेकत आले, पडवीच्या कडेला उभे राहिले, दुरडी फिरताना बघितली आणि डोळे पुसत निघून गेले. आमचं मंडळ परत उभं राहिलं होतं.

सिद्रामला मात्र गुरुजींच्या डोळ्यांतल्या पाण्याचंही फार वाटलं नाही. त्याचं सगळं लक्ष दुसरीकडं होतं. तो गावी जाऊन आला तेव्हा त्यानं ते मला सांगितलं. आई खडी फोडायच्या कामावर होती. त्यानं तिच्याजवळ बसून तिला सांगितलं की, तुझी भाकर बोर्डिंगात सगळी पोरं खात्यात, त्यात पाटलाचं पोरगंबी हाय.

"तिचा इस्वासच बसंना. हातोडा खाली ठिवला तिनं. म्हनली, खरं सांग. मी म्हनलो, व्हय गं, मागून खातंय. मग म्हनली, माझ्या हातची? मी म्हनलो, तुझ्याच हातची. तर गड्या, रडायलाच लागली की."

त्या बाईला आयुष्यात पाटलाच्या वाड्याच्या पायरीवर कधी चढू दिलं नव्हतं. तिच्या ओच्यात वरून टाकलेलं ती घेत आली होती, तिनं दिलेलं मात्र कुणी कधी घेतलं नव्हतं. त्या दिवसापासून ती दोन भाकरी जास्त पाठवायला लागली. स्वतः काय खायची कोण जाणे. वस्तीत जो भेटेल त्याला सांगायची. सिद्राम मला म्हणाला, "वसंता, मला डिग्री मिळाली न्हाय तरी चालंल. पर हे मोडाया नको." मंडळ त्याच्यासाठी काय होतं ते मला तेव्हा नीट कळलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. चांगला झाला. रब्बी साधली आणि संक्रांतीच्या जत्रेला सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी माणसांची अशी गर्दी की जमिनीवर पाय ठरेना. माघात रानं पिवळी पडली. काढणी सुरू झाली. आमची परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही कडुनिंबाखाली पुस्तकं घेऊन बसायचो, अंगावर पिवळी पानं पडत राहायची, ऊन चटके द्यायला लागलं होतं. आणि एक दिवस स्टँडवरून आणलेली फडकी सोडली तर पडवीभर तो वास सुटला. नवी ज्वारी. पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, मऊ भाकरी. पोरांनी अक्षरशः दुरडीत तोंडं घातली.

सिद्रामच्या आईनं वर्षभर खडी फोडलेल्या हातांनी ज्वारी उपटली होती. मजुरीला मिळालेल्या ज्वारीची पहिली भाकरी तिनं स्वतः खाल्ली नव्हती, आमच्याकडे पाठवली होती. निरोप होता, "पोरांस्नी म्हनावं, लाल खाऊन कटाळला असाल, आता ही खावा."

त्याच दिवसांत मला एक गोष्ट दिसायला लागली. जेवण झालं की दुरडीच्या तळाशी भाकरी उरायच्या. सुगीचे दिवस, भरपूर यायच्या, उरणारच. पण उरणाऱ्यांत माझ्या आईच्या असायच्या. आईची भाकरी मी ओळखतो. तिची जरा जाड असते, मधे एक उंचवटा असतो. मला वाटलं, पोरांना जाड भाकरी आवडत नसावी. मी शहाणपणा करून रविवारी घरी गेलो आणि आईला म्हटलं, जरा पातळ थापत जा. तिनं परात बाजूला सारली. "तुझा बाप जन्मभर हीच खाऊन मेला, त्यानं कधी नाव ठेवलं नाही," म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पातळ भाकरी आल्या. त्याही तळाशीच.

उरलेल्या दुसऱ्या भाकरी सिद्रामच्या आईच्या होत्या.

त्याच्या हे ध्यानात आधीच आलं असणार. तो बोलला मात्र एके दुपारी. पंगत उठली होती, पोरं वाचनालयात गेली होती, आम्ही दोघं दुरडी आवरत होतो. त्यानं उरलेली एक भाकरी घेतली आणि तिची कड अंगठ्यानं चाचपत गोल फिरवली. मग आप्पाच्या ताटात राहिलेली अर्धी भाकरी आणली आणि तिचीही कड चाचपली. एका जागी थांबला. माझा अंगठा धरून तिथं टेकवला. भाजण्याआधी कडेला चिमटा घेतला होता. तिथं छोटासा टोचा आला होता, दाणेदार, डोळ्यांना पटकन दिसणार नाही, पण बोटाला लागणारा. इतर ताटांतले तुकडे बघितले. ज्या तुकड्याला कड होती त्यातल्या बहुतेकांना कुठं ना कुठं टोचा होता. पोरांनी आपापसांत ठरवून घरी सांगितलं होतं. पंच्याखाली हात गेला की बोटं कडेवरून फिरायची आणि टोचा लागला तरच भाकरी बाहेर यायची. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. गुरुजींचा नियम कुणी मोडला नव्हता.

"तुलाबी कुनी सांगितलं न्हाय व्हय?" सिद्राम मला म्हणाला. "माझ्या खोलीत राहतोस त्याची शिक्षा." आणि तो हसला.

मी ताडकन उठून आप्पाला गाठलं. मला वाटलं होतं तो नाकबूल करेल. तो खाली बघत बोटं मोडत बसला. "मी न्हाई म्हणतोय का? भाकरी दुरडीत टाकतोच की," म्हणाला. मग हळूच म्हणाला, "वश्या, घरी कळलं तर आजी मला उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई. आईला बोल लावील." मी म्हटलं, दुष्काळात खात होतास ते? "तवाची गोष्ट येगळी होती. मिलो सरकारी होता. सरकारी धान्याला कसलं घर आन् कसलं काय. आता ज्यानं त्यानं घरचं आनलंय." तो वाईट मुलगा नव्हता, हे मी आजही म्हणेन. कुणाला ताप आला तर पहिला धावायचा. पण त्याचं ते बोलणं मी इतक्या वर्षांत विसरू शकलेलो नाही. आम्ही मेलो तरी बेहत्तर म्हणून एकत्र आलो नव्हतो, आम्ही फक्त उपाशी होतो. पोट भरल्यावर ज्याला त्याला आपापलं घर आठवलं. पीक चांगलं आलं आणि आमचं मंडळ गेलं. आता सांगा, मला सुगी कशी आवडावी?

सिद्रामनं भांडण केलं नाही. गुरुजींना कळू द्यायचं नाही, असं त्यानं मला बजावलं. उरलेली भाकरी गल्लीतल्या गायीला घालायची आमची पद्धत होती. ती त्यानं बंद केली. आईची भाकरी तो स्वतः खायचा, सगळी. भूक असो नसो. मीही हातभार लावायचो, पण त्याच्या आईचा हात सढळ होता आणि आम्ही दोघंच. पुस्तक समोर धरून तो कोरडी भाकरी चावत बसायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, परत चावायचा. एकदा ओकला. मी म्हटलं, आईला सांग ना, थोड्या पाठव म्हणून. त्यानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हनून सांगू?" म्हणाला.

आणि मग निरोप आला की ती येणार. सुगी आटोपली होती, हातात चार दिवस मोकळे होते. परीक्षेआधी पोरांना स्वतःच्या हातचं खाऊ घालायचं, ती जेवताना डोळ्यांनी बघायची, एवढंच तिच्या मनात होतं.

आदल्या दिवशी सिद्राम खोल्याखोल्यांतून फिरला. मी त्याच्यामागं होतो. आडनाव विचारणाऱ्याला फाडून खाणारा हा मुलगा दारात उभा राहायचा, आत पाऊल टाकायचा नाही, आणि म्हणायचा, "उद्या आई येनार हाय. उद्याच्या एक दिवस तेवडी तिची भाकर खावा. न्हाय खाल्ली तरी ताटात घ्या. तिच्यासमोर नुसती मोडा." प्रत्येक दारात तेच शब्द, तसाच आवाज. पोरं गोरीमोरी व्हायची, कुणी म्हणायचं "अरे, खाऊ की," कुणी नुसती मान हलवायचं. आप्पाच्या दारात तो क्षणभर थांबला आणि हात जोडले. त्याचे ते जोडलेले हात बघून मी तोंड फिरवलं. मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं, त्याला कुणी थोबाडीत मारली असती तर ते सोपं गेलं असतं.

ती आली. ठेंगणी, काळीसावळी, हिरवं लुगडं बहुतेक ठेवणीतलं. डोक्यावर गाठोडं. पडवीच्या पायरीशी थबकली, वर यावं की नाही ते तिला कळेना. "या की मावशी," म्हणून मी पुढं झालो. "आले, लेकरा," म्हणाली आणि पायातल्या वहाणा इतक्या लांब काढून आली की नंतर आम्हाला शोधाव्या लागल्या. हिरव्या मिरचीचा ठेचा, वांग्याचं भरीत, आणि भाकरी, पहाटेपासून थापलेल्या.

पोरांनी शब्द पाळला. अगदी मनापासून पाळला. त्या दिवशी सगळ्यांनी टोचा नसलेली भाकरी काढली आणि सगळ्यांनी खाल्ली, नुसती मोडली नाही. आप्पानं तर मागून घेतली. "मावशी, अशी भाकर आमच्या घरी न्हाई व्हत," असं मोठ्यानं म्हणाला. ती पदर तोंडाला लावून भिंतीशी बसली होती. पोरं खात होती आणि तिची नजर एकेका ताटावरून फिरत होती. मधेच माझ्याकडे झुकून तिनं हळूच विचारलं, "पाटलाचा कंचा रं?" मी आप्पाकडं बोट दाखवलं. ती त्याच्याकडं बघतच राहिली. सिद्राम वाढत होता. त्याच्या चेहऱ्याकडं मी बघितलं नाही.

दुपारच्या गाडीला तिला बसवायला आम्ही गेलो. खिडकीतून तिनं सिद्रामच्या तोंडावरून हात फिरवला. "गुनाची पोरं हायत रं सगळी. मला वाटायचं तू माझं मन राखायला सांगतोस. आज डोळ्यानं बघितलं. आता मी मरायला मोकळी," म्हणाली. गाडी सुटली. धुरळा खाली बसेपर्यंत तो हात वर धरून उभा होता.

परत येताना तो एवढंच बोलला. "आज सगळ्यांनी खाल्ली, वसंता. आज मंडळ मोडलं."

बोर्डिंगात आल्यावर त्यानं आपलं सामान बांधलं आणि परीक्षेपर्यंत शहरातच, गावाकडच्या कुणाच्यातरी झोपडीत जाऊन राहिला. आईला सांगितलं, तिथं अभ्यास बरा होतो. तो पास झाला, पुढं लांब विदर्भात प्राध्यापक झाला. दुरडी आणखी थोडे दिवस फिरली, मग कधी बंद पडली ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. दारं परत लागायला लागली.

आप्पाच्या पहिल्या फोनवर मी नुसतं बरं म्हटलं होतं, म्हणून त्यानं परत केला. या खेपेला त्याचा आवाज जरा खालचा होता. "वश्या, त्या मावशीच्या हातची चव मला परत कुटं मिळाली न्हाई रे. एवढ्या जागी खाल्लं, एवढी लग्नं केली पोरांची. तशी भाकर न्हाई. रोज समोर होती आन् मी गाढव…" शेवटी म्हणाला, "आपण जेवायच्या खोलीला तिचं नाव देऊ. पाटी करू संगमरवरी. सिद्रामला तू विचार. माझं तोंड न्हाई."

मी सिद्रामला फोन केला. इकडचं तिकडचं झालं, मग सांगितलं.

"पाटी नको," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या प्राध्यापकीनं त्याची भाषा शुद्ध झाली होती, पण आईचं नाव निघालं की ती आजही गावाला जाते. "नाव का दिलं, लोक इचारतील. मग कुनीतरी सगळं सांगत बसंल. तिला शेवटपर्यंत म्हाईत नव्हतं."

मी म्हटलं, तू कधीच नाही सांगितलंस?

"काय सांगायचं? चांगली नव्वदीला टेकून गेली. हितं माझ्याकडंच होती. पार शेवटी अन्न सुटलं तरी माझ्या पोरीला तुमच्या गोष्टी सांगायची. कोन किती खायचं, आप्पानं मागून कशी घेतली. एकदा म्हनली, सिदू, त्या पोरांस्नी एकदा जेवायला बोलीव. मी बसल्या बसल्या थापते. लई दिवस धोशा लावला होता तिनं."

"मग बोलवायचं होतंस रे," मी म्हटलं. "मला तरी कळवायचंस. आलो असतो सगळे."



"ती पीठ मळून बसली असती, वसंता," तो म्हणाला. "आन् कुनी आलंच नसतं तर? तिच्यासाठी परत एकदा दारोदार फिरायचं माझ्यात बळ नव्हतं. मी तिला सांगितलं, पोरं आता लांब लांब राहत्यात. ती म्हनली, व्हय, लेकराबाळांची झाली असतील."